सर्व्हरचं कॅल आणि क्लायंट सॉफ्टवेअर: मुंबईतल्या ऑफिसांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्टमधली सीए फर्म असो, अंधेरी एमआयडीसीतला गाळा असो की दादरचं डॉक्टरांचं ऑफिस, सर्व्हर बसवला की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः विंडोज सर्व्हरला धरून आहेत, कारण आपल्याकडच्या दहा ते शंभर माणसांच्या ऑफिसात बहुतेक तोच असतो. कॅल म्हणजे क्लायंट ॲक्सेस लायसन्स, सर्व्हर वापरणाऱ्या माणसाचा किंवा मशीनचा परवाना. क्लायंट म्हणजे सर्व्हरला जोडलेला पीसी.

सर्व्हर घेतला, विंडोज सर्व्हरचं लायसन्सही बिलात आहे. मग कॅल वेगळं कशाला?

बिलातलं लायसन्स म्हणजे त्या मशीनवर विंडोज सर्व्हर चालवण्याचा हक्क. २०१६च्या आवृत्तीपासून तो प्रोसेसरच्या कोअरवर (त्याच्या आतल्या गणना करणाऱ्या भागांवर) मोजला जातो. प्रत्येक प्रोसेसरचे किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरचे किमान १६ कोअर धरावेच लागतात, मशीनमध्ये कमी असले तरी. त्या सर्व्हरचा वापर माणसांनी किंवा मशीननी करायचा, तर त्यासाठी कॅल लागतं. स्टँडर्ड आणि डेटासेंटर या दोन्ही आवृत्त्यांना हा नियम आहे.

वापर म्हणजे फक्त डोमेनमध्ये (सगळे पीसी आणि यूजर सर्व्हरवरून सांभाळायची व्यवस्था) लॉगिन नव्हे. सर्व्हरवरचं शेअर्ड फोल्डर उघडलं, सर्व्हरमार्फत प्रिंट काढली, सर्व्हरने आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा पत्ता) दिला, तरी तो वापरच. याला अपवाद इसेन्शियल्स आवृत्तीचा. तिच्यात २५ यूजर आणि ५० डिव्हाइसपर्यंत कॅल लागत नाही. मात्र २०२२पासून ती फक्त सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या नव्या मशीनसोबतच मिळते. आठ-दहा जणांचं ऑफिस असेल आणि येत्या काही वर्षांत ते पंचविशीच्या पुढे जाणार नसेल, तर डीलरला आधी इसेन्शियल्सचं कोटेशन मागा. बऱ्याचदा तो स्वतःहून देत नाही.

कॅल विकत घेतलं. आता ते सर्व्हरवर टाकायचं कुठे?

कुठेच नाही. विंडोज सर्व्हरचं साधं कॅल इन्स्टॉल होत नाही, त्याची की (२५ अक्षरांचा कोड) टाकायला कुठे जागा नसते. तो कागदावरचा हक्क आहे. रिमोट डेस्कटॉपचं कॅल तेवढं इन्स्टॉल करावं लागतं, त्याबद्दल खाली सविस्तर आहे.

घोटाळ्याचं मूळ इथेच आहे. तुमच्याकडे ४० कॅल असली आणि एक्केचाळिसावा माणूस लॉगिन करून बसला, तर सर्व्हर त्याला अडवत नाही आणि तुम्हाला काही सांगतही नाही. मालकाला वाटतं, सगळं चालू आहे म्हणजे सगळं बरोबर आहे. सॉफ्टवेअर कंपनीकडून लायसन्स ऑडिटचं पत्र येतं तेव्हा मोजणी सर्व्हर करत नाही, तुम्हालाच करून द्यावी लागते. म्हणून माझा आग्रह असतो की हिशोब पहिल्या दिवसापासून वहीत किंवा एक्सेलमध्ये ठेवा. अकाउंट्सचा माणूस हे काम आयटीवाल्यापेक्षा चांगलं करतो, कारण कोण कामावर आलं आणि कोण गेलं हे पगाराच्या यादीत त्याच्यासमोर असतं.

यूजर कॅल घ्यायचं की डिव्हाइस कॅल?

पैसे वाचतात ते इथेच, आणि फुकट जातात तेही इथेच.

यूजर कॅल माणसाला मिळतं. तो माणूस ऑफिसचा डेस्कटॉप, घरचा लॅपटॉप, मोबाइल, कशावरूनही सर्व्हरवर आला तरी एकच कॅल. डिव्हाइस कॅल मशीनला मिळतं. त्या मशीनवर दिवसभरात कितीही माणसं बसली तरी एकच.

समजा, फोर्टमध्ये १५ जणांची फर्म आहे. निम्मे लोक कल्याण-डोंबिवली किंवा वसई-विरारहून येतात. पावसाने मध्य किंवा पश्चिम रेल्वे थांबली की ही मंडळी घरून लॉगिन करतात. २०२०च्या लॉकडाऊनपासून ही सवय पक्की झाली आहे. फर्ममधल्या प्रत्येकाची किमान दोन मशीन आहेत. डिव्हाइस कॅल घेतली तर तीस तरी लागतील, यूजर कॅल घेतली तर १५मध्ये भागेल.

आता अंधेरीतलं एखादं पॅकिंग युनिट घ्या. १२ टेबलं, प्रत्येकावर एक पीसी, तीन पाळ्या, एकूण ३६ माणसं. घरून कोणी काम करत नाही. इथे १२ डिव्हाइस कॅल पुरतात. याच युनिटला कोणी ३६ यूजर कॅलचं कोटेशन दिलं असेल, तर ते सही करण्याआधी परत पाठवा.

दोन्ही प्रकार मिसळता येतात. कारखान्यातल्या टेबलांना डिव्हाइस कॅल, वरच्या मजल्यावरच्या ऑफिस स्टाफला यूजर कॅल, असं चालतं. फक्त कोण कशात मोडतं ते लिहून ठेवा.

एका वेळी फक्त दहाच जण कामाला असतात. मग दहा कॅल पुरतील ना?

नाही. इतर कोणत्याही मुद्द्यावर इतकी गफलत होत नाही. यूजर आणि डिव्हाइस कॅल ‘एका वेळी किती’ यावर मोजत नाहीत, ‘एकूण किती’ यावर मोजतात. आठवड्यातून एकदा येणाऱ्या डेटा एंट्रीच्या मुलीलाही कॅल लागतं. फाइलिंगच्या महिन्यात येणाऱ्या आर्टिकलच्या (शिकाऊ) मुलांनाही लागतं.

उलट बाजूही लक्षात घ्या. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे सर्व्हरवरच्या यूजरच्या यादीत, ७० अकाउंट दिसतात म्हणून ७० कॅल घ्यायची गरज नाही. त्यात बॅकअपचं, स्कॅनरचं, जुन्या माणसांचं अकाउंट असतं. मोजायची ती माणसं, अकाउंट नव्हे. आणि निव्वळ सर्व्हरची देखभाल करणाऱ्या दोन जणांना कॅल लागत नाही.

आमच्याकडे तीन सर्व्हर आहेत. प्रत्येकासाठी वेगळं कॅल घ्यायचं?

नाही. लोकलचा पास जसा तुमच्या नावावर असतो, एखाद्या ठरावीक गाडीच्या नाही, तसं हे आहे. एका माणसाचं एक विंडोज सर्व्हर कॅल तुमच्या संस्थेतल्या सगळ्या विंडोज सर्व्हरना चालतं, व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगळे सर्व्हर) धरून. स्टँडर्डच्या एका पूर्ण लायसन्समध्ये दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात, त्यांनाही वेगळं कॅल नाही.

प्रिंटर, सीसीटीव्ही, हजेरीचं मशीन यांनाही कॅल लागतं का?

ही मशीन विंडोज सर्व्हरशी बोलत असतील तर लागतं. झेरॉक्स मशीन स्कॅन करून थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये फाइल टाकत असेल, तर तो वापर झाला. ते मशीन वापरणाऱ्या सगळ्यांकडे यूजर कॅल असेल तर मशीनला वेगळं लागत नाही. तसं नसेल तर मशीनला डिव्हाइस कॅल घ्यावं.

आयपी वाटण्याचं काम सर्व्हरकडे असेल आणि ऑफिसात येणाऱ्या पाहुण्यांचे मोबाइलही त्याच वायफायवर असतील, तर तांत्रिकदृष्ट्या तेही मोजणीत येतात. उपाय सोपा आहे. पाहुण्यांचं वायफाय वेगळं करा आणि तिथे आयपी वाटायचं काम राउटरला द्या. कॅमेऱ्यांचंही तसंच, त्यांचं नेटवर्क वेगळंच असलेलं बरं. सुरक्षेच्या दृष्टीनेही ते योग्य आहे.

लोक सर्व्हरवर थेट येत नाहीत, मधल्या सॉफ्टवेअरमधून येतात. तरी कॅल?

हो. मध्ये वेब पोर्टल टाकलं, एक कॉमन अकाउंट केलं, बिलिंगच्या सॉफ्टवेअरने सगळ्यांच्या वतीने डेटाबेसशी बोलणं केलं, तरी मोजणी शेवटी बसलेल्या माणसांची किंवा मशीनचीच होते. मधला थर घातल्याने आकडा कमी होत नाही. कोणी एखादं सॉफ्टवेअर ‘याने कॅल वाचतं’ म्हणून विकत असेल तर ते घेऊ नका.

नाव-गाव न देता कोणीही पाहू शकेल अशा सार्वजनिक वेबसाइटला कॅल लागत नाही. तुमचे डीलर किंवा अशील लॉगिन करून तुमच्या सर्व्हरवर येत असतील तर मात्र लागतं. बाहेरची माणसं खूप असतील तर त्यांच्यासाठी एक्स्टर्नल कनेक्टर नावाचं सर्व्हरमागे घ्यायचं लायसन्स आहे. दहा-वीस जणांसाठी ते परवडत नाही.

एसक्यूएल सर्व्हरचं काय?

ते मायक्रोसॉफ्टचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर. त्याचं कॅल वेगळं. विंडोजचं कॅल तिथे चालत नाही. एसक्यूएल स्टँडर्ड दोन पद्धतींनी मिळतं: सर्व्हर अधिक कॅल, किंवा कोअरवर, ज्यात किमान ४ कोअर धरतात आणि कॅल लागत नाही. माणसं कमी असतील तर पहिली पद्धत, जास्त असतील किंवा मोजता येत नसतील तर दुसरी. एक्सप्रेस आवृत्ती फुकट आहे आणि छोट्या दुकानाच्या बिलिंगला ती बरीच वर्षं पुरते. २०२२पर्यंतच्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती भरली की नवी नोंद घेतच नाही आणि काउंटरवर रांग थांबते. म्हणून ८ जीबीच्या आसपास आल्यावरच विचार सुरू करा.

टॅलीला यातलं काय लागतं?

टॅलीचं लायसन्स टॅलीचं. सिल्व्हर एका यूजरसाठी, गोल्ड एका ऑफिसच्या नेटवर्कवर कितीही जणांसाठी. पण टॅलीचा डेटा विंडोज सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये असेल, तर तो उघडणाऱ्या प्रत्येकाला विंडोज सर्व्हरचं कॅल लागतं. आणि लोक रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर येऊन तिथेच टॅली चालवत असतील, तर त्यावर आणखी आरडीएस कॅल. गोल्ड घेतलं म्हणजे सगळं आलं, हा समज फार ऑफिसांत आहे.

आरडीएस कॅल म्हणजे नेमकं काय? ते कधी लागतं?

आरडीएस म्हणजे रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस. माणूस आपल्या पीसीवरून किंवा घरून सर्व्हरचा डेस्कटॉप उघडून त्याच्यावरच काम करतो, तेव्हा आरडीएस कॅल लागतं. साध्या कॅलच्या ऐवजी नाही, त्याच्या सोबत. म्हणजे घरून रिमोटने टॅली करणाऱ्या दहा जणांना दहा विंडोज सर्व्हर कॅल आणि दहा आरडीएस कॅल. विंडोज सर्व्हरसोबत दोन रिमोट सेशन येतात ती फक्त देखभालीसाठी. त्यावर अकाउंट्सचं रोजचं काम करणं लायसन्समध्ये बसत नाही.

सर्व्हरवर आरडीएसचा रोल (म्हणजे ते काम करणारा भाग) बसवल्यापासून १२० दिवसांची सवलत मिळते. या काळात लायसन्स नसतानाही सगळे आत येतात. मग एके दिवशी सकाळी कोणालाच लॉगिन होत नाही आणि लायसन्स सर्व्हर (आरडीएस कॅल साठवून वाटणारा सर्व्हर) उपलब्ध नाही असा संदेश येतो. सर्व्हर मे महिन्यात बसवला असेल तर हा दिवस सप्टेंबरमध्ये येतो, टॅक्स ऑडिट आणि रिटर्नच्या ऐन गर्दीत. रोल बसवताना तारीख कॅलेंडरवर टाका आणि ९० दिवसांच्या आत लायसन्स घालून मोकळे व्हा.

हे १२० दिवस पुन्हा सुरू करायची रजिस्ट्रीतली (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यातली) युक्ती व्हिडिओंमध्ये सर्रास दाखवतात. ती करू नका. ते लायसन्सचं उल्लंघन आहे, आणि ज्या माणसाला सर्व्हरच्या रजिस्ट्रीत हात घालायला दिला, त्याने आणखी काय बदललं ते तुम्हाला कळणार नाही.

आरडीएस कॅल घेतलं, टाकलंही, तरी १२० दिवसांनी बंद पडलं. का?

बहुतेक वेळा एकच कारण असतं: लायसन्स सर्व्हरवर कॅल आहेत, पण ज्या सर्व्हरवर लोक काम करतात त्याला कोणी सांगितलेलंच नाही की लायसन्स कुठून घ्यायचं आणि कोणत्या प्रकारचं.

आधी आत शिरा. सगळ्यांना बंद असलं तरी ॲडमिनिस्ट्रेटरला एमएसटीएससी या रिमोट डेस्कटॉप उघडणाऱ्या कमांडपुढे स्लॅश ॲडमिन लावून लॉगिन करता येतं. आत गेल्यावर आरडी लायसन्सिंग डायग्नोझर उघडा. मोड ठरवलेला नाही किंवा लायसन्स सर्व्हर ठरवलेला नाही, असं ते स्पष्ट लिहून देतं. मग ग्रुप पॉलिसीत (मशीनची सेटिंग एका जागेवरून ठरवायची सोय) कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट, लायसन्सिंग इथवर जा. तिथे दोन सेटिंग आहेत. एकात लायसन्स सर्व्हरचं नाव, दुसऱ्यात मोड, पर यूजर किंवा पर डिव्हाइस. जे विकत घेतलं तोच मोड. मग जीपीअपडेट ही कमांड चालवा आणि डायग्नोझर पुन्हा पाहा. तिथे उपलब्ध लायसन्सचा आकडा दिसायला लागला की झालं.

हे एवढंसं काम, पण यासाठी पूर्ण सर्व्हर फॉरमॅट केलेला मी पाहिला आहे. नवीन १२० दिवस मिळाले, आणि चार महिन्यांनी तीच सकाळ पुन्हा आली.

आणखी एक गोष्ट: डोमेन नसेल, नुसता वर्कग्रुप असेल, तर पर यूजर घेऊ नका. २०१९ आणि पुढच्या आवृत्त्यांत अशा जुळणीत सेशन ६० मिनिटांनी तुटतं. डोमेन करा, किंवा पर डिव्हाइस घ्या.

पर डिव्हाइसमध्ये लायसन्स संपली असं येतं. मशीन तर तेवढीच आहेत.

मशीन पहिल्यांदा आलं की त्याला ९० दिवसांचं तात्पुरतं लायसन्स मिळतं. पुढच्या लॉगिनला कायमचं दिलं जातं. ‘कायमचं’ असलं तरी त्यालाही ५२ ते ८९ दिवसांच्या दरम्यानची मुदत असते आणि मशीन वापरात असेल तर ते आपोआप वाढतं. ही सोय अशासाठी की मोडीत गेलेल्या पीसीकडे अडकलेलं लायसन्स आपणहून परत यावं. पीसी फॉरमॅट केले, थिन क्लायंट (फक्त सर्व्हरवर काम करण्यापुरती छोटी मशीन) बदलले की एकाच टेबलावरच्या मशीनकडे दोन-दोन लायसन्स दिसतात आणि साठा संपतो. लायसन्सिंग मॅनेजरमधून लायसन्स परत घेता येतं, पण त्या आवृत्तीच्या एकूण संख्येच्या २० टक्क्यांपर्यंतच. एकदम दहा पीसी बदलणार असाल तर जुन्या मशीनची नावं आधी लिहून घ्या.

एखाद्याच पीसीला त्रास असेल आणि बाकी सगळे चालत असतील, तर त्या पीसीच्या रजिस्ट्रीतली एमएसलायसन्सिंग ही नोंद (रजिस्ट्रीत तिलाही की म्हणतात) बॅकअप घेऊन काढा आणि रिमोट डेस्कटॉप एकदा रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून उघडा. की नव्याने तयार होते. हट्टी जुन्या पीसींवर हे हमखास लागू पडतं.

सर्व्हर न घेता विंडोज ११ प्रोवरच पाच जणांना रिमोट दिलं तर?

विंडोज प्रोवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो, समोर किंवा रिमोटने. एकाहून जास्त सेशन उघडून देणारी जी छोटी सॉफ्टवेअर फिरतात, ती विंडोजची फाइल बदलतात किंवा तिला वळसा घालतात. ते लायसन्सच्या बाहेर आहे आणि दर मोठ्या अपडेटला मोडतं.

फाइल शेअरिंगपुरता विंडोज प्रो चालतो, २० मशीनपर्यंत. सहा-सात जणांच्या ऑफिसला फक्त एक कॉमन फोल्डर हवा असेल, तर सर्व्हर आणि कॅल यांच्या खर्चात पडायची गरजच नाही. असं ऑफिस आलं की मी सरळ सांगतो, एक छोटा नॅस (नेटवर्कला जोडायची हार्ड डिस्कची पेटी) घ्या आणि बॅकअप नीट करा.

सर्व्हरवर ऑफिस टाकलं तर सगळ्यांना चालेल का?

पीसीबरोबर आलेलं किंवा बॉक्समध्ये घेतलेलं ऑफिस आरडीएसवर चालत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर शेअर्ड कॉम्प्युटर ॲक्टिव्हेशन (एकाच मशीनवर अनेकांना ऑफिस वापरू देणारी सोय) असलेली योजना लागते. बिझनेस प्रीमियममध्ये ते आहे, बिझनेस स्टँडर्डमध्ये नाही. या दोन नावांतल्या फरकापायी लोक एक वर्षाचं आगाऊ बिल भरून अडकतात, म्हणून ऑर्डर देण्याआधी लेखी विचारा. एलटीएससी प्रकारचं, म्हणजे एकदाच पैसे भरून घ्यायचं व्हॉल्यूम लायसन्सचं ऑफिस घेतलं तर ते मशीनवर मोजतात: ज्या ज्या मशीनवरून लोक त्या सर्व्हरवर येऊन ऑफिस उघडतात, त्या प्रत्येकाला लायसन्स.

क्लायंट पीसी घेताना काय बघायचं?

विंडोज होम घेऊ नका. ते डोमेनमध्ये जोडता येत नाही. दुकानात लॅपटॉप स्वस्त दिसतो तो बहुतेक होम असतो आणि प्रो करायचा खर्च नंतर अंगावर येतो. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे जुन्या पीसींची यादी आता काढायलाच हवी.

सॉफ्टवेअर टाकायला प्रत्येक टेबलावर पेन ड्राइव्ह घेऊन फिरू नका. इन्स्टॉलेशनची एमएसआय फाइल असेल तर ग्रुप पॉलिसीतून सगळ्या पीसींवर एकदम जाते. कर्मचाऱ्यांना ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊ नका. सुरुवातीला कुरकुर होते, नंतर फॉरमॅटचे फोन बंद होतात. टॅलीसारखं सॉफ्टवेअर अपडेट करताना सर्व्हर आणि सगळे क्लायंट एकाच दिवशी, एकाच रिलीजवर न्या. शनिवारी दुपारी करा, सोमवारी सकाळी नाही.

रिमोटमध्ये मराठी टायपिंग नीट होत नाही.

युनिकोड इनस्क्रिप्ट वापरत असाल तर तुमच्या पीसीवरचा कीबोर्ड सहसा सेशनमध्ये आपोआप येतो. आला नाही तर सर्व्हरवर त्या यूजरच्या भाषांत मराठी जोडा. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या फाइली असतील तर फाँट सर्व्हरवर हवा, तुमच्या पीसीवर असून उपयोग नाही, कारण फाइल उघडते ती सर्व्हरवर. श्रीलिपीसारख्या डोंगलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं डोंगल आपल्या पीसीला लावलं तर रिमोट सेशनला ते सहसा दिसत नाही. अशी सॉफ्टवेअर रिमोटवर न नेता एका पीसीवर ठेवावीत आणि सोसायटीच्या नोटिसा, पत्रकं तिथेच टाइप करावीत. जुन्या फाइली हळूहळू युनिकोडमध्ये बदलत जा, हे काम पुढे ढकलू नका.

घरून सर्व्हरवर येण्यासाठी राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं दार) उघडला तर चालेल का?

नाही, कधीच नाही. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, छोट्या ऑफिसात शिरतं त्यातली ही एक नेहमीची वाट आहे. व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित रस्ता) लावा किंवा आरडी गेटवे (रिमोट डेस्कटॉपसाठी मध्ये बसवायचा पहारेकरी सर्व्हर) बसवा. गेटवेतून येणाऱ्यांनाही आरडीएस कॅल लागतंच. आणि हल्ला झालाच तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावं लागतं.

ऑनलाइन ५० आरडीएस कॅलची की काही हजारांत मिळते. घ्यावी का?

घेऊ नका. अशा किया बहुतेक दुसऱ्या कोणाच्या तरी व्हॉल्यूम (एकगठ्ठा खरेदीच्या) करारातल्या असतात. टाकल्या की चालतात, डायग्नोझर हिरवं दाखवतो, पण हक्क तुमच्या नावावर होत नाही. लायसन्स म्हणजे तुमच्या कंपनीच्या नावाचा कागद, २५ अक्षरांची की नव्हे. लॅमिंग्टन रोडवर हार्डवेअर जरूर घ्या, पण लायसन्स घेताना १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल आणि तुमच्या नावाचं लायसन्सपत्र दोन्ही हातात घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर त्या कराचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून तो वजा होतो, आणि प्राप्तिकरात सॉफ्टवेअरवर संगणकाप्रमाणे ४० टक्के घसारा मिळतो. दोन्ही धरल्यावर अस्सल आणि नकलीतला फरक वाटतो तेवढा उरत नाही.

कायदाही माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ६३ब प्रमाणे सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे.

सॉफ्टवेअर ऑडिटचं पत्र आलं. काय करायचं?

पत्र खरोखर कंपनीचं किंवा तिने नेमलेल्या फर्मचं आहे का, ते आधी पडताळा. घाबरून त्याच दिवशी आकडे पाठवू नका आणि पत्र ड्रॉवरमध्येही टाकू नका. स्वतः मोजा: माणसं, मशीन, बिलं, लायसन्सपत्रं. तूट असेल तर ती भरायची तयारी आणि तारीख लेखी द्या. मागच्या तारखेची बिलं जमवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला पुन्हा ऑफिसात घेऊ नका.

माणूस सोडून गेला. त्याचं कॅल दुसऱ्याला देता येतं का?

येतं. कायमचं बदलायला हरकत नाही, फक्त तेच कॅल ९० दिवसांत पुन्हापुन्हा फिरवायचं नाही. कोणी बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेवर असेल, तर तिच्या जागी आलेल्या माणसाला ते तात्पुरतं देता येतं. एखादा पीसी दुरुस्तीला गेला असेल तर बदली पीसीलाही.

सर्व्हरच बिघडला किंवा पाण्यात गेला तर लायसन्स जातात का?

सहसा हक्क जात नाही, कागद जातात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस पडला तेव्हा तळमजल्यावरच्या ऑफिसांत बिलांच्या फायली आणि मशीन एकत्रच भिजल्या. आजही कुर्ला, सायन, हिंदमाता परिसरात तळमजल्यावर सर्व्हर ठेवणारी ऑफिसं आहेत. रॅक जमिनीपासून वर घ्या, आणि बिलं, करार क्रमांक, ऑथरायझेशन आणि लायसन्स क्रमांक स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. नवा लायसन्स सर्व्हर उभा केला की मायक्रोसॉफ्टच्या क्लिअरिंगहाउसकडून इंटरनेटवर किंवा फोनवर आरडीएस कॅल परत घालून घेता येतात, पण हे क्रमांक हाताशी असतील तरच पटकन. जुनी ओपन लायसन्स योजना १ जानेवारी २०२२पासून नव्या खरेदीला बंद झाली आहे. तिच्यातली तुमची जुनी लायसन्स मात्र वैध आहेत, त्यांचे कागद जपा. सर्व्हरसोबत आलेलं ओईएम लायसन्स मात्र त्या मशीनलाच बांधलेलं असतं. मशीन गेलं की ते गेलं.

लिनक्स लावलं तर कॅलची कटकट जाईल का?

फाइल आणि प्रिंटपुरती जाते. लिनक्सवर सांबा हे फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर लावलं तर विंडोज पीसींना शेअर्ड फोल्डर मिळतं आणि कॅल लागत नाही. पण ते सांभाळणारा माणूस हाताशी हवा. एकाच ओळखीच्या मुलावर सगळं अवलंबून असेल आणि तो उद्या बंगळुरूला नोकरीला गेला तर काय, याचं उत्तर असेल तरच करा. टॅली किंवा विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर रिमोटने चालवायचं असेल तर लिनक्सने प्रश्न सुटत नाही.

आमच्याकडे सर्व्हर २०१६ आहे. आत्ता माणसं वाढली आहेत. कोणतं कॅल घ्यावं?

नव्या आवृत्तीचं घ्या. नवं कॅल जुन्या सर्व्हरला चालतं, जुनं कॅल नव्या सर्व्हरला चालत नाही. २०१६चा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ला संपतो, म्हणजे सर्व्हर बदलावा लागणारच आहे. आज २०२५ची कॅल घेतली तर ती २०१६ला लागू होतात आणि पुढच्या सर्व्हरवरही तीच चालतात. आरडीएस कॅलच्या बाबतीत एक अट: कॅल ज्या आवृत्तीचं, त्याच किंवा त्यापेक्षा नव्या आवृत्तीच्या लायसन्स सर्व्हरवरच ते घालता येतं. म्हणून २०२५ची आरडीएस कॅल घ्यायची असतील तर आधी २०२५चं एक छोटं व्हर्च्युअल मशीन लायसन्स सर्व्हर म्हणून उभं करा, त्याचं सर्व्हर लायसन्स कोटेशनमध्ये धरा, आणि मग कॅलची ऑर्डर द्या.